दगडाला प्रश्न विचारणारी मुले



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलणार. आम्ही विषय कळविला तो ‘मुले आणि भूविज्ञान’. दोन दिवसांनी चिटणीसांचा फोन आला, “विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?” चूक झालेली नाही. कामगारांच्या प्रश्नांवर बोलायला आम्हांला वर्षाचे सगळे दिवस मोकळे असतात, आणि कुणी न बोलावताही आम्ही बोलतो. कराडसारख्या गावी, दोन नद्यांच्या संगमाशी, समोर एवढी मुले बसलेली असताना आजचा एक तास मात्र आम्ही दगडासाठी मागून घेतला आहे.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. तीस वर्षे संघटनेत काढल्यामुळे एकवचन आमच्या जिभेवर येत नाही. तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे तुमच्यापुढे उभा असलेला हा एकच इसम, असे समजावे. दुसरा खुलासा शिक्षणाचा. आमचे शिक्षण नववीपर्यंत, तेही नापास. जे काही कळते ते नगरवाचनालयातल्या पुस्तकांतून, चुकतमाकत, आणि जाणत्यांना विचारून विचारून कळलेले आहे. सभेत कुणी भूविज्ञानाचे प्राध्यापक असतील तर आमचे चुकेल तिथे त्यांनी हात वर करावा. आम्ही सभा चालविलेली माणसे आहोत. हरकतीचा मुद्दा आम्हांला नवा नाही.

आमचे वडील खाणीत दगड फोडीत. सोळाव्या वर्षी आम्हीही खडी क्रशरवर लागलो. घण कसा धरावा, दगडाची शीर कशी ओळखावी, सुतकी कुठे बसली म्हणजे धोंडा सरळ दुभंगतो, हे वडिलांना डोळे मिटून कळत असे. “दगडाला विचारून मारावं,” असे ते म्हणत. एवढे ज्ञान हातात असलेल्या त्या माणसाला, हा दगड आला कुठून, हे मात्र कुणी कधी सांगितले नाही. आणि त्यांनी विचारलेही नाही, कारण विचारण्यासारखे त्यात काही असेल असे त्यांना कुणी भासविलेच नव्हते. आम्ही तिशीला आलो तेव्हा वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचले की, ज्या काळ्या दगडावर आमच्या घरची चूल पेटली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून तप्त रसाच्या रूपाने वर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरून त्याला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. हे वाचून आनंद झाला खरा. पण त्याहून अधिक राग आला. वडील तोवर वारले होते.

त्या रागापोटी आम्ही युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी कामगारांच्या मुलांसाठी एक वर्ग काढला. पहिल्या रविवारी चौदा मुले आली. आम्ही फळ्यावर पृथ्वीचे चित्र काढले. कवच, प्रावरण, गाभा अशी नावे लिहिली. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर असते हे तीनदा सांगितले. मुले दाराकडे पाहत होती. दुसऱ्या रविवारी तीन आली, आणि त्यांतली दोन आमच्याच घरची होती. मोर्चाला माणसे न येण्याचा अनुभव आम्हांला आहे, पण एवढा सपशेल पराभव क्वचितच झाला असेल.

वर्ग वाचविला तो लिंबाने. घरी आम्ही सरबत करीत होतो. लिंबाचे चार थेंब खालच्या शहाबादी फरशीवर पडले, तशी सौभाग्यवती कडाडल्या, “फरशीवर लिंबू सांडू नका, डाग पडतो!” ही सूचना इथल्या प्रत्येक घरात दिली जाते. शहाबादीवर चिंच सांडू नये, लिंबू सांडू नये. पण त्याच स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा असतो. त्याच्यावर आजीने कैरी वाटली, चिंच वाटली, तीस वर्षे वाटली. पाट्याला डाग नाही. फरशीही दगडच, पाटाही दगडच. मग एकाला आंबट बाधते आणि दुसऱ्याला बाधत नाही, असे का? पुढच्या रविवारी आम्ही मुलांपुढे शहाबादीचा एक तुकडा, फुटक्या पाट्याचा एक तुकडा आणि एक लिंबू ठेवले, आणि हा एवढाच प्रश्न विचारून गप्प बसलो. गप्प बसणे हे आमच्या व्यवसायात अवघड असते. पण त्या दिवशी वर्ग सुरू झाला.

प्रयोग सोपा आहे. दगडावर खिळ्याने थोडे खरवडून भुकटी काढायची, तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे आणि भिंगातून पाहायचे. शहाबादीच्या भुकटीवर बारीक बुडबुडे धरतात. काळ्या दगडाच्या भुकटीवर धरत नाहीत. शहाबादी हा चुनखडक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाचा तो दगड. त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला आम्ल भेटले की कर्बवायू सुटतो. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच. संगमरवर चुन्याच्याच घराण्यातला, कोटा फरशी त्याच घराण्यातली, कडाप्पाही पुष्कळदा त्यातलाच. अंड्याचे टरफल, शिंपला, शेतातली चुनखडीची गोटी, सगळ्यांना लिंबू बोलते करते. फळ्यावरच्या खडूने मात्र आम्हांला फसविले. चुन्याचा म्हणून मोठ्या ऐटीत त्याच्यावर व्हिनेगर ओतले, तर तो ढिम्म राहिला. बाजारातले पुष्कळ खडू जिप्समचे असतात, हे आम्हांला त्या दिवशी मुलांदेखत कळले. मुलांना त्याचा फार आनंद झाला. शिकविणाऱ्याचे चुकते आणि दगडाचे चुकत नाही, हे एकदा मुलांनी पाहिले की पुढचे काम सोपे होते.

पंधरा दिवसांत आमच्या मुलांनी सारी आळी तपासली. जोते, उंबरा, तुळशीवृंदावन, पाणवठ्याच्या पायऱ्या. एका पतपेढीच्या संगमरवरी टेबलावर लिंबू पिळल्याबद्दल आम्हांला माफीही मागावी लागली. तेव्हापासून नियम केला की, प्रयोग फुटक्या तुकड्यावर करायचा आणि मालकाला विचारून तुकडा आणायचा. स्वयंपाकघरातल्या ज्या चकचकीत ओट्याला आपण ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणतो, तो शास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. आपल्या काळ्या दगडाचाच तो सावकाश थंड झालेला, भरड दाण्याचा भाऊबंद असतो. व्यापारी ज्याला पॉलिश चढते त्या प्रत्येक कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतो. मुलांनी शब्दावर विश्वास ठेवू नये, दगडाला विचारावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरा प्रश्न कठीणपणाचा. फ्रेडरिक मोस या शास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली. कोण कोणाला ओरखडतो एवढेच त्यात पाहायचे असते. आपल्या नखाने शंखजिरे ओरखडते. तांब्याच्या नाण्याने चुनखडकातले खनिज ओरखडते. पोलादी चाकू पुष्कळांना ओरखडतो, पण गारगोटीपुढे हरतो; उलट गारगोटीच काचेवर रेघ मारते. आणि मुलांनो, दोन पांढऱ्या गारगोट्या घेऊन अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर जोराने घासा. आतून उजळल्यासारखा क्षणभर प्रकाश दिसतो. पाण्यात बुडवून घासल्या तरी दिसतो, म्हणजे ती आगीची ठिणगी नव्हे. आमच्या वर्गात या प्रयोगाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि नंतर अर्धा तास दुसरे काही शिकविता येत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, आणि ती मुलांनीही ऐकावी. आमच्या वर्गात एक मुलगी येत असे. दहा-अकरा वर्षांची, अबोल. तिचे वडील एका कारखान्यात पांढरा दगड दळण्याच्या कामावर होते. कारखान्याचे नाव इथे घेत नाही. एका रविवारी ती फडक्यात बांधून एक खडा घेऊन आली. लिंबू टाकले, बुडबुडे नाहीत. काचेवर ओढला, रेघ उठली. तिने स्वतःच्या वहीत लिहिले, “गारगोटी.” आम्ही शाबासकी दिली. ती जागची हलली नाही. म्हणाली, “काका, बाबांच्या अंगावर रोज हीच बसून येते. मग त्यांच्या खोकल्यात पण हीच असेल का?”

सभेत आम्हांला निरुत्तर करणारे भेटले आहेत, पण त्या मुलीसारखे कुणी नाही. तिच्या वडिलांना दोन वर्षे क्षयाची औषधे चालू होती आणि गुण येत नव्हता. गारगोटी म्हणजे सिलिका. तिची अतिबारीक धूळ श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच रुतते, भोवतालचा भाग घट्टे पडल्यासारखा कठीण होत जातो आणि श्वास तोकडा पडतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. टाळता मात्र येतो. आम्ही मालकाकडे आणि कचेऱ्यांकडे अर्ज करीत होतो ते ‘धूळ फार आहे’ अशा शब्दांत. धूळ फार आहे हे वाक्य कुणालाही हलवीत नाही. धूळ सगळीकडेच असते. त्या मुलीच्या खड्यानंतर आम्ही अर्जात धुळीतल्या सिलिकेचे नाव घातले आणि मोजमाप मागितले. मग मोजमाप झाले, दळणावर पाण्याचे फवारे बसले, यंत्रांना झाकणे आली. तिच्या वडिलांना त्याचा उपयोग झाला नाही. ते पुढे दोन वर्षांनी गेले. त्यांच्यामागून त्या कामावर आलेल्यांना उपयोग झाला, एवढेच आम्ही सांगू शकतो.

म्हणून आमच्या वर्गातला पहिला नियम पुस्तकातला नाही, खाणीतला आहे. दगड फोडायचा तर मोठे माणूस जवळ हवे, डोळ्यांवर चष्मा हवा, दगड गोणपाटात गुंडाळलेला हवा आणि आधी भिजविलेला हवा. कोरडा दगड दळायचा नाही, कोरडी धूळ फुंकायची नाही. काळ्या दगडात गारगोटीसारखी मोकळी सिलिका सहसा फार थोडी असते. म्हणून त्याची धूळ निर्धोक असे मात्र कुणी समजू नये.

खाणीत भीतीच आहे असेही नाही. आमच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात. आंबोळी तव्यावर पडली की वाफ निघून जाते आणि जाळी राहते, तसेच लाव्हा थिजताना त्यातले वायू अडकून ही भोके राहिली. विहीर खणणारे अशा भोकाभोकांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुढे हजारो-लाखो वर्षे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले आणि विरघळलेली द्रव्ये भिंतींवर स्फटिक होऊन बसली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत; पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे खनिज तर पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. सिन्नरला या खनिजांचे ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय आहे. मुलांची सहल काढायची असेल तर तिथे काढावी. सुरुंगानंतर असा स्फटिकांचा गड्डा निघाला की आमच्या क्रशरवर तो खडीबरोबर भरडला जाई, किंवा कुणी तरी चहाच्या पैशांत घेऊन जाई. त्याची पुढची किंमत ज्याने तो पहिल्यांदा उजेडात आणला त्याला कधी कळली नाही.

घरी स्फटिक पाहायचा तर तुरटी पुरे. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवायची, गाळून घ्यायची, एक छोटा खडा दोऱ्याला बांधून त्यात अधांतरी सोडायचा आणि पेला हलवायचा नाही. हे शेवटचे कलम मुलांना सर्वांत जड जाते. आठवड्या-पंधरवड्यात आठ बाजूंचा स्वच्छ स्फटिक वाढतो. एका मुलाच्या घरी तो वाढत असताना आजोबांनी दाढीनंतर लावायला काढून घेतला, अशीही नोंद आमच्या वहीत आहे.

मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा कडा आहे. बांबूंचा भारा उभा करून ठेवावा तसे दगडी खांब एकाला एक लागून उभे आहेत. हे कुणी कोरले नाहीत. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडे गेले आणि तडे खोल खोल जाऊन त्यांचे खांब झाले. हे सांगून मुलांना पटत नाही. आम्हांलाही पटले नव्हते. मग एके ठिकाणी वाचून आम्ही बाजारातले कॉर्नफ्लॉअर आणले, तेवढेच पाणी घालून पसरट डब्यात दोन बोटे जाडीचा थर केला आणि वर विजेचा दिवा लावून ठेवला. पहिल्या खेपेस मुंग्या आल्या. दुसऱ्या खेपेस आम्ही घाई करून ओलाच फोडला. तिसऱ्या खेपेस आठवडाभर धीर धरला. वरून नुसत्या वेड्यावाकड्या भेगा दिसत होत्या, पण ढेप हळूच मोडून बाजूने पाहिली तर आत पाच-सहा बाजूंच्या बारीक खांबांची रांग! इथे आकसणे वाळण्याचे आणि तिथे थंड होण्याचे, एवढा फरक मुलांना सांगावा. तडे मात्र एकाच न्यायाने जातात.

पाण्याचा प्रश्न तर घरोघरचा आहे. शेजारच्याच्या बोअरला पाणी लागते आणि आपल्याला शंभर फुटांवर फुफाटा निघतो; मग नारळवाल्याला बोलावतात. नारळाविषयी आम्हांला आज वाद घालायचा नाही. मुलांना एक वीट द्या आणि एक घट्ट काळा दगड द्या. दोन्हींचे कोरडे वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वीट चांगलीच जड झालेली असते. दगड जवळजवळ होता तेवढाच. म्हणजे काळा दगड पाणी पीत नाही. मग विहिरीत पाणी येते कुठून? हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा लागतो, आणि तो येतोच. येते ते वरच्या मुरमातून, दगडाच्या फटींतून, भेगाळलेल्या मांजऱ्याच्या थरांतून. फटी कुठे आहेत, थर कुठे फिरतो, हे ज्याला वाचता येते त्यालाच पाण्याची जागा सांगता येते. आणि तेही सारे उपसायचे की पुढच्या उन्हाळ्याला ठेवायचे, हा हिशेब त्यालाच मांडता येतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच कामासाठी आहे.

उताराचा प्रयोग आम्ही पावसाळ्याच्या तोंडाला करतो. एक परात तिरकी ठेवायची, तिच्यावर मातीचा थर थापायचा आणि झारीने पाणी घालीत राहायचे. बराच वेळ काही होत नाही. मुले कंटाळतात, आणि मग एका क्षणी सारी माती एकदम खाली येते. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडातली इरसालवाडी गेली. डोंगराला आधी भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा नवा झरा फुटतो. डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या मुलाला ही लक्षणे पाढ्यांसारखी पाठ हवीत.

कोयनेविषयी तर या गावाला आम्ही काय सांगावे! 11 डिसेंबर 1967 ची पहाट ज्यांनी सोसली त्यांच्यापैकी काही मंडळी या सभेत बसली असतील. एवढेच सांगतो की, तो भूकंप समजून घेण्यासाठी कोयनेच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, आणि त्या अभ्यासाची केंद्र सरकारची प्रयोगशाळा आपल्या कराडला आहे. छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा दगड लागला, आणि त्याखाली त्याच्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. आमच्या वर्गातल्या मुलांनी याचे माप दोरीवर घेतले. एक मीटरला एक मिलिमीटर धरून तीन मीटरची दोरी भिंतीवर सोडली. तिचा वरचा सव्वा मीटर काळा रंगविला. घराच्या विहिरीची खोली तिच्यावर दाखवायला सांगितली तेव्हा बोटाच्या पेराएवढीही जागा लागेना.

आता आई-वडिलांचा प्रश्न. तो आम्हांला दर वर्षी विचारला जातो, “हे सगळं ठीक आहे हो, पण पुढे काय? याने पोट भरतं का?” प्रश्न रास्त आहे, पोटाचा प्रश्न कमी लेखणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. नोकऱ्यांचा पाऊस पडतो असे आम्ही सांगणार नाही. पण वाटा आहेत, आणि त्या आमच्या लोकांना ठाऊक नाहीत म्हणून त्यांवर आमची मुले दिसत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था 1851 सालची. कोळसा शोधण्याच्या कामातून ती उभी राहिली. तिच्यासाठी आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेतो. त्यासाठी बारावीला विज्ञान, मग भूविज्ञानाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी लागते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, पुणे आणि नागपूर विद्यापीठांत, मुंबईच्या आय. आय. टी.त हा विषय शिकविला जातो. धनबादची खाणविद्येची संस्था 1926 पासून आहे. राज्यात भूजलाची यंत्रणा आणि नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. बोगदे, धरणे, मेट्रो यांच्या पायाखालचा खडक वाचायलाही हीच माणसे लागतात. 1999 साली कोयनेच्या जलाशयाला तळाकडून स्फोटाने वाट पाडून पाणी बोगद्यात घेतले, तो पराक्रम इंजिनियरांचा म्हणून सांगितला जातो. मधला खडक कसा आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्या स्फोटाला कुणी हात घातला नसता.

भूवैज्ञानिकाच्या एका पत्राने काय होते हेही पाहा. प्रमथनाथ बोस यांनी 1904 साली जमशेटजी टाटांना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाची वार्ता कळविली. त्यातून पुढे पोलादाचा कारखाना आणि जमशेदपूर शहर उभे राहिले. कागद एक, पण त्यामागे उन्हातान्हात पायी हिंडलेली वर्षे होती. ज्याला चालायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो.

सगळ्यांनाच पदव्या मिळतील असेही नाही. खाणीत प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला परीक्षा देऊन मेटचे, ब्लास्टरचे, फोरमनचे प्रमाणपत्र घेता येते. आमच्या ओळखीचे कितीतरी जाणते मजूर केवळ अर्ज कुठे करायचा हे न कळल्यामुळे मजूरच राहिले. विंधन यंत्रावरचा कारागीर, माती-दगड तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला सहायक, रत्ने आणि स्फटिक पैलू पाडून विकणारा, ही सगळी दगडाचीच कामे आहेत.

आणि मुलींच्या आयांना एक वेगळे सांगणे आहे. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला बंदी होती. 2019 साली सरकारने अधिसूचना काढून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांसाठी दिवसपाळीला ते दार उघडले. त्याच्याही कितीतरी आधी, 1983 साली निघालेल्या भारतीय मोहिमेबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या, त्या भूवैज्ञानिक. त्यांच्यासोबत गेलेल्या अदिती पंत आपल्या नागपूरच्या, त्या समुद्रशास्त्रज्ञ. खडा घेऊन आलेली आमची ती अबोल मुलगी आज भूविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. सुट्टीत ती रविवारचा वर्ग घेते. आमचे चुकले तर हात वर करीत नाही; सरळ उभी राहून सांगते.

घड्याळ अध्यक्षांच्या हातात आहे आणि ते दोनदा आमच्याकडे पाहून खाकरले आहेत, तेव्हा आटोपतो. व्यासपीठाशेजारच्या टेबलावर अकरा दगड मांडले आहेत. जवळ चिरलेली लिंबे, एक खिळा, तांब्याचे नाणे, काचेचा तुकडा, लोहचुंबक आणि चार भिंगे आहेत. काचेला मोठ्यांनीच हात लावावा. दहा दगडांखाली नावे लिहिली आहेत. सातवा काल सकाळी संगमाच्या वाळवंटात सापडला, त्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. मुलांनी रांगेने यावे, धाकट्यांनी आधी. मागच्या खुर्च्यांवरच्या मंडळींनाही मज्जाव नाही, पण लिंबू पुरले पाहिजे.